पिनर, झोन ५: सहा वर्षं संध्याकाळचं, सात आठवडे दिवसाचं

रिव्ह्यू लिहायचा तर वस्तू नीट वापरलेली असावी. पिनर हे लंडनचं उपनगर मी सहा वर्षं वापरतेय असा माझा समज होता. सकाळी सात बावीसची गाडी, ऑल्डगेटला ऑफिस, संध्याकाळी सातच्या पुढे परत. शनिवारी कपडे, रविवारी वरण-भात आणि झोप. मग मार्चमध्ये एका गारठलेल्या सकाळी कचऱ्याचा डबा आत ओढताना माझ्याच अंगणातल्या बर्फावरून घसरले, डावा घोटा मोडला आणि सात आठवडे घरी बसले. तेव्हा लक्षात आलं की मला फक्त संध्याकाळचं पिनर माहीत होतं. दिवसाचं पिनर सकाळी साडेनऊला उघडतं, पेढीसारखं, आणि त्याचे ग्राहकही वेगळे.

इथे घर घ्यायचा विचार करणारी बरीच मराठी मंडळी मला विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

ठिकाण लंडनच्या वायव्येला, हॅरो बरोमध्ये (बरो म्हणजे पालिकेचा विभाग), ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, मेट्रोपॉलिटन लाइनवर. हे उपनगर म्हणजे अक्षरशः रेल्वेने विकलेला माल. मेट्रोपॉलिटन रेल्वेने १८६३ साली जगातली पहिली भुयारी गाडी लंडनमध्ये सोडली आणि मग वायव्येला शेतांतून रूळ टाकत निघाली. हॅरो १८८०, पिनर १८८५. मी मूळची डोंबिवलीची, त्यामुळे सांगितल्याशिवाय राहवत नाही: कल्याणला गाडी १८५४ लाच आली होती. पिनरकर आमच्यापेक्षा ३१ वर्षं मागे.

या कंपनीची खुबी अशी की रुळांसाठी घेतलेली जादा जमीन स्वतःकडे ठेवून त्यावर घरं उभी करायची मुभा तिला होती. बाकीच्या रेल्वे कंपन्यांना ती नव्हती. १९१५ साली तिच्या जाहिरात खात्याने या सगळ्या पट्ट्याला ‘मेट्रोलँड’ असं नाव ठेवलं आणि १९३२ पर्यंत दरवर्षी त्याची पुस्तिका काढली: फुलं, गवत, लाल कौलं, आणि गाडीला किती मिनिटं लागतात ते. १९१९ ला घरं बांधणारी वेगळी कंपनीच काढली. जानेवारी १९२५ मध्ये हॅरोच्या पुढे रिकमन्सवर्थपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. पुढच्याच महिन्यात, ३ फेब्रुवारीला, बोरीबंदर ते कुर्ला आपली पहिली विजेची गाडी धावली. दोन्हीकडचा चाकरमानी एकाच सुमारास कोळशाच्या धुरातून सुटला. फक्त इथल्याला बसायला जागा मिळाली.

आता घर. आमचं तीसच्या दशकातलं सेमी, म्हणजे एका छपराखाली मधल्या भिंतीने जोडलेली दोन घरं. पुढे गोलसर बाहेर आलेली खिडकी, भिंतीला खडी मारलेला गिलावा, वरच्या त्रिकोणात काळ्या लाकडी पट्ट्या. त्या पट्ट्या काही तोलत नाहीत, नुसती हौस. गॅरेज आहे, पण ते १९३० सालच्या मोटारीच्या मापाचं. आमची गाडी आत जाते, पण मग दार उघडून बाहेर पडता येत नाही, त्यामुळे गॅरेजमध्ये सायकली, रंगाचे डबे आणि गणपतीचं मखर. एजंटने घर दाखवताना तीन वेळा ‘लीफी’, म्हणजे झाडापानांचं, म्हटलं होतं. ऑक्टोबरमध्ये पाला झाडताना त्या शब्दाचा खरा अर्थ कळतो. किमतीबद्दल एवढंच की डोंबिवलीतला टू-बीएचके विकलात तर इथली पुढची खोली येईल. कदाचित गोल खिडकीशिवाय.

गाडीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तेवढ्यासाठीच तर हे उपनगर आहे. मध्य लंडनमधलं बेकर स्ट्रीट साधारण अर्ध्या तासात. डबे एसी आहेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आतून मोकळे, आणि आडव्या बाकांच्या जागाही आहेत. पिनरला लिफ्ट आहे. कुबड्या घेऊन चाललेल्या माणसाला लिफ्टची किंमत विचारा. लंडनमधले बाकीचे लोक ट्यूबला वेळापत्रक असतं हे विसरूनही गेलेत, पण मेट्रोपॉलिटनवाले अजून मिनिटं पाठ करतात. या बाबतीत मला इथे पहिल्या दिवसापासून माहेरी आल्यासारखं वाटलं.

एक खोच आहे. या लाइनवर फास्ट आणि स्लो असा भेद आहे, आणि गर्दीच्या वेळची फास्ट पिनरला थांबत नाही. संध्याकाळी हॅरो-ऑन-द-हिल सोडली की ती थेट मूर पार्कला. मधलं नॉर्थ हॅरो, पिनर, नॉर्थवुड हिल्स, नॉर्थवुड सगळं उडवते. पिनरकरांनी वॉटफर्ड पकडायची. अ‍ॅमरशॅम किंवा चेशम आली तर आधी इंडिकेटर बघायचा. हे मला माहीत होतं. अठरा वर्षं मी डोंबिवलीहून फास्ट-स्लो बघत कामाला गेलेली बाई. तरी पहिल्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, बेकर स्ट्रीटला पळत येऊन समोरच्या गाडीत घुसले, बसायला जागा मिळाली याच आनंदात राहिले, आणि हॅरोनंतर मान वर केली तर पिनर स्टेशनचे दिवे खिडकीतून सपकन मागे गेले. माझंच स्टेशन, माझाच कॉफीवाला खोका, आणि मी पलीकडच्या रुळावर ताशी कितीतरी मैलांनी हर्टफर्डशरकडे.

मूर पार्कला उतरले. बाहेर झाडं आणि काळोख, जवळपास गोल्फ क्लब. उलट्या गाडीला अकरा मिनिटं. बाकावर सूट घातलेला एक गृहस्थ आधीच बसलेला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “पिनर?” मी मान हलवली. तो म्हणाला, “नॉर्थ हॅरो.” बस्स. गाडी आली, आम्ही वेगवेगळ्या दारांनी चढलो. सहा वर्षांत सहप्रवाशाशी झालेलं माझं हे सर्वांत जिव्हाळ्याचं बोलणं. लेडीज डब्यात हळदीकुंकू करत, शेजारच्या डब्यातलं भजन ऐकत, कोणाच्या नणंदेचं काय झालं ते ठाण्यापर्यंत चघळत मोठी झालेली मी! पहिला हिवाळा मला वाटायचं आपल्या अंगाला वास तर येत नाही ना.

तिकिटाचा एक हिशेब: रोज जाणार असाल तर वार्षिक पास चाळीस आठवड्यांच्या भावात पडतो, आणि त्या पासावर गर्दीची वेळ सोडून आग्नेय इंग्लंडमधल्या रेल्वेच्या तिकिटांना एक तृतीयांश सूट मिळते. पण आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस असेल तर तो हिशेब जमत नाही. मी चार वर्षं उगाच भरला.

तर घोटा. पहिला आठवडा मी पुढच्या खोलीत त्या गोल खिडकीत, पाय उशीवर ठेवून. आठच्या आधी पावलं एकाच दिशेला जातात. पावणेनऊला शाळेची पोरं. सव्वानऊनंतर रस्ता असा रिकामा होतो की सुट्टीच्या दिवशीची बँक आठवावी. अकराला पार्किंगवाला येतो. आमच्या रस्त्यावर दिवसातून एकच तास बाहेरच्यांना गाडी लावायला बंदी आहे. एकाच तासाने काय होणार, असं मला वाटायचं. पण हे भलतंच हुशार डोकं आहे: स्टेशनजवळ फुकट गाडी लावून दिवसभर लंडनला जाणाऱ्याला तेवढा एक तास पुरेसा आडवा येतो, आणि घरी आलेल्या पाहुण्याला उरलेला दिवस मोकळा.

दुपारी पोपट येतात. मी आधी औषधांचा परिणाम समजले. पण खरेच पोपट, हिरवे, गळ्यात गुलाबी कंठी, आपल्याकडचेच, थव्याने. लंडनच्या उपनगरांत ते आता स्थायिक झालेत, थंडीला न जुमानता. त्यांचा कलकलाट हा आमच्या रस्त्यावर दुपारी ऐकू येणारा एकमेव मोठा आवाज. त्यांना कोणी ‘जरा हळू बोला’ म्हणत नाही.

दुसऱ्या सोमवारी दाराच्या फटीतून एक चिठ्ठी पडली. उजवीकडच्या बाईंची. भिंतीला भिंत लागून सहा वर्षं, आणि आमचा व्यवहार म्हणजे कोणत्या आठवड्यात कोणता डबा बाहेर काढायचा हे मी त्यांच्या फाटकाकडे बघून ठरवायचे, इतकाच. चिठ्ठीत सुंदर अक्षरात विचारलं होतं की सगळं ठीक आहे ना, आणि दुकानातून काही हवं असल्यास खालील नंबरावर. मी फोन केला. आल्या. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, अंगात कार्डिगन. १९७१ पासून त्याच घरात. बसल्या आणि म्हणाल्या, “दोन रविवार शिट्ट्या आल्या नाहीत. तेव्हाच मला वाटलं, काहीतरी झालंय.”

शिट्ट्या म्हणजे माझा कुकर! दर रविवारी साडेअकराला चार शिट्ट्या भिंतीतून पलीकडे जात होत्या, आणि बाई त्यावर आपला चहा टाकत होत्या. पहिले काही महिने त्यांना वाटायचं आमच्याकडे कसलीतरी पुरातन किटली आहे. नवरा कुकरला घाबरतो, त्यामुळे मी पडल्यापासून घरात शिट्टी नव्हती. आमच्या बिल्डिंगमध्ये असं झालं असतं तर पहिल्याच दिवशी चार जणी डबे घेऊन आल्या असत्या आणि एक्स-रे सगळ्यांनी उजेडात धरून बघितला असता. इथे दोन रविवार थांबून, खात्री करून, मग चिठ्ठी. पण लक्ष होतं. मी सहा वर्षं ज्याला थंडपणा म्हणत होते त्याच्या आत कोणीतरी शिट्ट्या मोजत होतं, हे मला पचायला जरा वेळ लागला.

एप्रिलमध्ये त्यांनी परसातल्या रुबार्बचे दांडे आणून दिले, लालसर, सेलरीसारखे जाड. “पानं मी कापून टाकलीत. ती खायची नसतात हं, विषारी,” असं बजावून. त्यांनी सांगितलं साखर घालून शिजव आणि कस्टर्ड घाल. मी एक दांडा चावून बघितला आणि सरळ आंबाडी आठवली. तुरीच्या वरणात चिरून घातला, वरून लसणाची फोडणी, किंचित गूळ. चांगलं झालं, फक्त दांडे पार विरघळतात, त्यामुळे शेवटी घालायचे. वाटीभर त्यांच्याकडे पाठवलं. वाटी धुऊन परत आली, आत तीन अंडी. रिकामी वाटी परत करायची नाही हे यांना कोणी शिकवलं, कोण जाणे.

प्लास्टर जाऊन घोट्याला आधार देणारा बूट आल्यावर फिरायला लागले. हाय स्ट्रीट चढाचा आहे, वरच्या टोकाला सेंट जॉनचं चर्च, १३२१ सालचं. त्याच्या आवारात एक विचित्र प्रकार आहे: उंच दगडी सुळका आणि त्याच्या मध्यावर, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली दगडी शवपेटी, जणू भिंतीत कपाट अडकलंय. लाउडन नावाच्या जोडप्याचं स्मारक. ते उभारलं त्यांच्या मुलाने, जॉन क्लॉडियस लाउडनने. हा बागांवर लिहिणारा माणूस. १८३८ साली त्याने उपनगरातल्या लहान बागा कशा कराव्यात यावर जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि त्याआधी बेजवॉटरमध्ये स्वतःसाठी दोन जोडघरं अशी बांधली की रस्त्यावरून एकच मोठा बंगला वाटावा. म्हणजे मी ज्या प्रकारच्या घरात पाय उशीवर ठेवून बसले होते त्याचा एक मूळ पुरुष, आणि त्याचे आईबाप माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. सहा वर्षं मी त्या चर्चवरून फक्त रिक्षा चुकल्यासारखी धावत गेले होते.

मेमोरियल पार्कमध्ये हीथ रॉबिन्सनचं छोटं संग्रहालय आहे, २०१६ मध्ये उघडलेलं. हा चित्रकार १९०८ ते १९१८ पिनरमध्ये राहिला. त्याची खासियत म्हणजे साध्या कामासाठी काढलेली अवाढव्य यंत्रं, सगळी सुतळी, कप्प्या आणि गाठींवर चालणारी, आणि ती चालवणारे टकले गृहस्थ अत्यंत गंभीर. इंग्रज आजही कुठल्या जोडातोडीच्या यंत्राला त्याच्या नावाने हाक मारतात. आपण जुगाड म्हणतो. जरूर बघा, पाय दुखत असला तरी तासाभरात होतं. गायक एल्टन जॉन इथलाच, १९४७ चा, आणि अ‍ॅडमिरल नेल्सनची मुलगी होरेशिया पेन्स लेनच्या दफनभूमीत आहे. पिनरकर या दोघांचंही नाव तुमच्यासमोर आपणहून काढणार नाहीत. विचारलंत तर अर्धा तास सोडणार नाहीत.

पार्कातल्या बाकांवर सकाळी दहाला गुजराती आजोबांची बैठक असते. मला कुबडी बघून लगेच जागा दिली, हाड कुठलं, डॉक्टर कोण, हळद-दूध घेतेस का, सगळं विचारलं. जीव भांड्यात पडला. त्यांनीच सांगितलं की भाजीला गाडी कशाला, १८३ घे. पिनरहून निघणारी ही बस नॉर्थ हॅरो, हॅरो, केंटन, किंग्जबरी करत गोल्डर्स ग्रीनला जाते, आणि केंटन-किंग्जबरीला मेथी, कढीपत्ता, कच्ची कैरी, सुरती पापडी सगळं मिळतं. माझ्या दारावरून सहा वर्षं जात होती ती. मराठी माणसं भेटायची तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ, वेंब्ली पार्कला गाडी बदलून. मंडळ १९३२ सालचं. म्हणजे मेट्रोलँडची शेवटची पुस्तिका निघाली त्याच वर्षी.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. रात्री साडेनऊनंतर गरम काही खायला मिळेल या भ्रमात राहू नका. घराच्या पुढच्या बागा एकेक करून फरशीखाली जातायत, दोन-दोन गाड्यांसाठी. रात्री कोल्हे कचरा फोडतात आणि असे ओरडतात की पहिल्यांदा मी नवऱ्याला पोलिसांना फोन करायला लावत होते. आणि ही शांतता सगळ्यांच्या तब्येतीला मानवत नाही. ज्याला सकाळी सात बावीसला सुटका आहे त्याला ती टॉनिक. माझी आई सहा महिने आली होती तेव्हा दिवसभर या घरात एकटी काय करत होती, हे मी त्या वेळी नीट विचारलंच नाही. ती रोज म्हणायची, “आज एक माणूस गेला समोरून.” मी हसायचे.

वर्षातला एक दिवस मात्र हे गाव आपलं सगळं शहाणपण गुंडाळून ठेवतं. मेअखेरच्या बँक हॉलिडे या सार्वजनिक सुट्टीनंतरचा बुधवार. तिसऱ्या एडवर्ड राजाने १३३६ साली दिलेल्या सनदेने भरणारी पिनरची जत्रा. रस्ते बंद, आणि हाय स्ट्रीटवर, थेट दुकानांच्या दारात, पाळणे आणि धडकगाड्या. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्याच्या खिडकीसमोरून किंचाळणारी पोरं फिरत असतात. दरवर्षी मी त्या बुधवारी स्टेशनातून बाहेर पडून गर्दीला वैतागत घर गाठायचे. यंदा बुटासकट गेले, उजवीकडच्या बाईंना घेऊन. त्यांनी साखरेचा म्हातारीचा कापूस घेतला आणि दोघींचे पैसे मला देऊ दिले नाहीत. शनिवार-रविवारकडे ही जत्रा न्यावी, असं मी सुचवून बघितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चतुर्थीचा गणपती सोयीने रविवारी बसवायला सांगतेय. मला मुद्दा पटला.

घर बघायला येणार असाल तर शनिवारी येऊ नका. शनिवारी सगळी उपनगरं छान दिसतात. मंगळवारी या, सकाळी अकराच्या सुमारास, गल्लीत शेवटपर्यंत चालत जा, कोण दिसतं ते मोजा, आणि त्या घरात दिवसभर कोण राहणार आहे त्यालाही बरोबर आणा. फक्त गाडीने येऊ नका. पार्किंगवाल्याचा तास नेमका तोच.